झरसेचे दप्तर

वैजापूर तालुक्याच्या उत्तरेकडील माळरानावर मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या, मुरमातील उष्मा निवला आणि बाजरीची तिफण शिवारात फिरू लागली, की बांधाच्या कडेला, गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांमधल्या पट्ट्यात आणि खळ्याच्या कोपऱ्यात जी नाना तऱ्हेची क्षुद्र वनस्पतिसृष्टी उगवून येते, तिच्यात वीतभर उंचीची, पोपटी रंगाची, तंतूसारख्या नाजूक फांद्यांची एक वर्षायू वनस्पती असते. तिला मराठीत झरस म्हणतात. तिच्याकडे मुद्दाम पाहणारा मनुष्य विरळा, कारण तिला डोळ्यांत भरणारे फूल नाही, गुरे अडून राहतील असा चारा नाही, आणि पिकाचे नाव घेण्याजोगे नुकसान करण्याइतके अंगबळही नाही. खुरपणीच्या ओळीत बसलेल्या बायका हरळी आणि लव्हाळा यांना शिव्याशाप देऊन उपटतात; झरस मात्र कोणाचा राग न ओढवता त्याच मुठीत सापडते आणि बांधावर फेकली जाते.

तरीही मुठीतल्या त्या जुडीतून एक रोप वेगळे काढून तळहातावर ठेवले, तर त्याची घडण सामान्य नाही, हे लवकरच ध्यानात येते. जमिनीलगत पानांचे एक चक्र असते आणि त्यातली पाने चमच्याच्या आकाराची, टोकाकडे रुंद होणारी असतात. त्यातून निघालेल्या दांड्यावर मात्र पानांचा आकार पालटतो, ती अरुंद आणि भाल्यासारखी होतात, व प्रत्येक पेऱ्याशी तीन, चार किंवा पाच अशी वलयाने बसतात. एकाच वलयातील पाने एकसारख्या लांबीचीही नसतात. शेंड्याकडे केसासारख्या देठांवर विरळ फुलोरा येतो. फूल इतके लहान, की भिंगाशिवाय त्याची रचना उमगत नाही. पाकळ्या त्याला नाहीतच. बाहेरून हिरवट आणि कडेला पांढुरकी अशी पाच परिदले पाकळ्यांचे काम भागवतात. आत बहुधा तीनच पुंकेसर, तीन आखूड कुक्षिवृंत, आणि पुढे तीन शकलांनी उकलणारे गोलसर बोंड. त्या बोंडातील बिया काळसर तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या व पृष्ठभागी खरबरीत असतात. तीनांचा हा हिशेब पुढे या वनस्पतीच्या नशिबी काय काय घेऊन आला, त्याची हकीकत मोठी आहे, आणि ती सांगण्यासाठी वैजापुराहून निघून बरेच दूर जाऊन यावे लागते.

युरोपातील बागांत आणि शेतांत, थंड व दमट हवेत, चिकवीड नावाचे एक पसरट तण असते. कोंबडीच्या पिलांना आवडणारे म्हणून त्याला ते नाव पडले. त्याच्या पाच पाकळ्या मुळापर्यंत चिरलेल्या असल्यामुळे त्या दहा भासतात आणि दांड्यावर केसांची एकच उभी रेघ असते. परमुलखात गेलेला मनुष्य तिथल्या वस्तूंना घरची नावे देतो. त्या न्यायाने उष्ण कटिबंधात जिथे जिथे लहान, मऊ, पसरट, पांढुरक्या फुलांचे तण दिसले, तिथे तिथे इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याला चिकवीडच म्हटले. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशापासून आफ्रिका-आशियापर्यंत पसरलेली ड्रिमारिया कॉर्डाटा ही ‘उष्ण कटिबंधीय चिकवीड’ ठरली, आणि आपल्या झरसेच्या कुळाला ‘भारतीय चिकवीड’ हे नाव मिळाले. ड्रिमारिया पश्चिम घाटातल्या ओलसर सावलीत वाढते. तिची पाने गोलसर, दांडा जमिनीवर सरपटत पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडणारा, आणि फुलांचे देठ इतके चिकट, की वाटसरूच्या धोतराला व गुरांच्या अंगाला बिया आपोआप डकवून ती आपला मुलूख वाढवीत जाते. वैजापूरच्या उघड्या, पर्जन्यछायेतील रानात तिचा निभाव लागण्यासारखा नाही. चिकवीडसारखी दिसणारी वनस्पती इथे पाहायची तर झरस आणि तिच्या बहिणी यांच्याकडेच वळावे लागते.

झरसेची पहिली शास्त्रीय नोंद महाराष्ट्रातली नव्हे, सिंहलद्वीपातली आहे. पॉल हर्मान हा जर्मन वैद्य डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १६७२ साली सिलोनला गेला आणि तेथील वनस्पती वाळवून त्याने मोठमोठ्या बाडांत चिकटवून ठेवल्या. पुढे तो लायडन येथे प्राध्यापक झाला व १६९५ साली वारला. त्याची ती बाडे अनेकांच्या हातांतून फिरत, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकाने, स्वीडनमध्ये कार्ल लिनियसच्या टेबलावर येऊन पोहोचली. लिनियसने त्यांच्या आधारे १७४७ साली सिलोनच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. आणि १७५३ साली, ज्या ग्रंथापासून वनस्पतींची आजची दुपदरी नामपद्धती गणली जाते त्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये, झरसेला मोल्युगो पेंटाफिला हे नाव दिले. पेंटाफिला म्हणजे पंचपर्णी. ज्याने तिला जगाच्या दप्तरी दाखल केले, त्याने ती जिवंत, पावसाने भिजलेली, वाऱ्यावर हलणारी अशी कधी पाहिलीच नव्हती. त्याच्यापुढे होता तो पाऊणशे वर्षे जुना वाळका नमुना. ग्रंथकर्त्याची कचेरी आणि वनस्पतीचे शिवार यांच्यातील हे अंतर पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

लिनियसची वर्गीकरणपद्धती हिशेबनिसाची होती. पुंकेसर किती यावरून वर्ग, कुक्षिवृंत किती यावरून गण. तीन पुंकेसर व तीन कुक्षिवृंत असलेल्या वनस्पतींच्या खात्यात त्याने मोल्युगो ठेवली, आणि त्याच खात्यात, होलोस्टियम कॉर्डाटम या नावाने, पुढे ड्रिमारिया म्हणून ओळखली जाणारी ती उष्ण कटिबंधीय चिकवीडही बसवली. खुद्द युरोपची चिकवीड मात्र पाच पुंकेसरांच्या वर्गात गेली. म्हणजे दोन तोतया एका घरात आणि अस्सल भलत्याच वाड्यात, असा प्रकार झाला. ही पद्धती कृत्रिम आहे, हे लिनियस स्वतः जाणून होता. परंतु जहाजे भरभरून येणाऱ्या अनोळखी वनस्पतींची झटपट मोजदाद करून त्यांना कुठेतरी खाते उघडून देणे, हीच तेव्हाची निकड होती, आणि त्या कामी तीनांचा हिशेब उपयोगी पडला.

पुढच्या शतकात नैसर्गिक साम्यावर कुळे पाडण्याची रीत रूढ झाली. जोसेफ हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चा दुसरा खंड १८७९ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यात सी. बी. क्लार्कने मोल्युगोला फिकॉइडी नावाच्या कुळात, विषखापरा आदी मांसल पानांच्या वनस्पतींच्या पंगतीला बसवले. या कुळाची बांधणी सैल होती. ज्यांना पाकळ्या धड नाहीत आणि ज्यांची बिया धरण्याची तऱ्हा साधारण सारखी, अशा पुष्कळ निराधारांना त्यात आसरा मिळाला होता.

येथवर झाले ते सबंध हिंदुस्थानच्या हिशेबाचे. आपल्या बाजूला, मुंबई इलाख्यात, वनस्पतींची यादी करण्याचे काम १८३९ सालच्या जॉन ग्रॅहॅमच्या सूचीपासून चालत आले होते. ग्रॅहॅम हा टपालखात्यातला अधिकारी. पुस्तक छापून पुरे होण्याआधीच तो वारला आणि उरलेले काम त्याचा स्नेही निमो याने तडीस नेले. १८६१ साली डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. या सर्वांच्या शिरी कळस चढवला तो थिओडोर कुक याने. कुक मूळचा इंजिनियर. रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानात आला, १८६५ पासून पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा, म्हणजेच पुढच्या सायन्स कॉलेजचा, प्रिन्सिपॉल राहिला, आणि निवृत्तीनंतर विलायतेत क्यू येथील उद्यानात बसून त्याने ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केला. गणेशखिंडीच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख जी. एम. वुड्रो हा त्याचा समकालीन. त्याचीही पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींची सूची शतक पालटण्याच्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून येत होती.

कुकचा ग्रंथ चाळताना प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनाखाली तिच्या ठावठिकाणाची बारीक टायपातली जंत्री लागते. खानदेश, दख्खन, कोकण, दक्षिण मराठा मुलूख, कानडा, गुजरात, सिंध अशा विभागांखाली गावांची नावे व त्यांच्यापुढे संग्राहकांची नावे येतात, आणि ज्या नावापुढे उद्गारचिन्ह असेल त्याचा नमुना कुकने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, असा त्या चिन्हाचा अर्थ आहे. या साहेबी नावांच्या गर्दीत मध्येच ‘कानिटकर!’ आणि ‘भिवा!’ अशी दोन नावे वारंवार भेटतात. त्यांना हुद्दा नाही, उपाधी नाही. भिवाला तर आडनावही दिलेले नाही. घाट चढून-उतरून, ओली पाने कागदांत दाबून, पावसाळ्यात ती बुरशीपासून राखून ज्यांनी त्या ग्रंथाचा माल पुरवला, त्यांच्या हयातभराच्या श्रमांना छापील जागा मिळाली ती एवढी, एक शब्द आणि एक उद्गारचिन्ह! मला स्वतःला त्या दोन खंडांतील कुठल्याही वर्णनापेक्षा ही दोन नावे अधिक वाचनीय वाटत आली आहेत.

या जंत्रीत नाशिक आणि नगर जिल्ह्यांची गावे आहेत. वैजापूर तीत येण्याचा संभवच नव्हता. येवला व कोपरगाव हे वैजापूरचे शेजारी तालुके इंग्रजी अमलात आणि म्हणून कुकच्या ग्रंथात. वैजापूर मात्र औरंगाबाद जिल्ह्याचा पश्चिमेकडील शेवटचा तालुका, निजामाच्या राज्यातला, लोकांच्या बोलीत मोगलाईतला. सर सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी करून राज्याच्या कारभाराला जिल्हे, तालुके, तालुकदार, तहसीलदार अशी शिस्त आणली, तेव्हापासून ही सरहद्द अधिकच रेखीव झाली. इकडून तिकडे कापूस, धान्य, गूळ नेताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. सरहद्दीच्या दोहों बाजूंच्या कचेऱ्यांची भाषाही निराळी, इकडे आधी फारसी व नंतर उर्दू, तिकडे मोडी मराठी आणि इंग्रजी. झरसेच्या बिया मात्र ओढ्याच्या पाण्याबरोबर, बैलांच्या खुरांतील चिखलाबरोबर, बाजरीच्या बियाण्याच्या पोत्यांतून रोज सरहद्द ओलांडीत असत. गोदावरीतील सरला बेट आज वैजापूर आणि श्रीरामपूर या दोन तालुक्यांच्या सीमेवर आहे. तेथे उभे राहून नदीच्या दोन्ही तीरांकडे पाहिले, तर डावीकडची काळी आणि उजवीकडची काळी यांत कुठल्याही कृषितज्ज्ञाला फरक करता येणार नाही. पुस्तकाने तो केला. उजव्या तीरावरील तणाला शास्त्रात जागा, आणि त्याच तणाला डाव्या तीरावर ती नाही.

निजामशाहीत वनस्पतींकडे कुणाचेच लक्ष नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. १८८४ साली औरंगाबादचे स्वतंत्र गॅझेटियर निघाले होते, आणि १९११ साली ई. ए. पार्ट्रिज या जंगलखात्यातील अधिकाऱ्याचा निजामाच्या मुलखातील वनवृक्षांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण जंगलखात्याची दृष्टी ही महसुलाची दृष्टी. साग, धावडा, अंजन, खैर, तेंदू यांतून दौलतीला उत्पन्न; त्यांची मोजणी, त्यांची राखण, त्यांचा लिलाव. ज्याच्यावर कुऱ्हाड चालवता येत नाही आणि ज्याचा खंड घेता येत नाही, त्याची दखल घेण्याचे कारण खात्याला नव्हते. जमाबंदीच्या कागदांतही तीच गत. जिराईत, बागाईत, पडीक, गायरान, इनाम ही सदरे आहेत, प्रत्येकाचा आकार आणि आणेवारी आहे, पण पडीकात काय उगवले हे लिहायला रकाना नाही. इलाख्यात कुक, वुड्रो आणि त्यांचे संग्राहक होते, कारण तिथे कॉलेज होते, वनस्पतिउद्यान होते आणि फावल्या वेळात छंद जोपासणारे अधिकारी होते. मोगलाईच्या पश्चिम टोकाला यांपैकी काही नव्हते. शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादेकडे गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि वैजापूरला रोटेगावचे स्टेशन मिळाले. तथापि त्या गाडीतून कापसाच्या गाठी गेल्या, वाळवलेल्या वनस्पतींची बाडे गेली नाहीत.

शास्त्रज्ञांनी उपेक्षिलेल्या वनस्पतीला वैद्यांच्या दप्तरात जागा होती. मात्र तेथेही गोंधळ कमी नाही. ज्वर आणि पित्त यांवर सांगितलेले ‘पर्पट’ हे द्रव्य नेमके कोणते, हा आयुर्वेदातील जुना वाद आहे. उत्तर हिंदुस्थानात फ्युमारिया ही वनस्पती पित्तपापडा म्हणून विकली जाते. बंगाल आणि केरळात दुसरीच एक, ओल्डेनलँडिया. महाराष्ट्र-गुजरातेत घाटी पित्तपापडा म्हणून आणखी निराळ्या कुळातील वनस्पती. आणि तमिळ प्रदेशात पर्पटाच्या नावाने चक्क मोल्युगो, विशेषतः तिची तारेसारखी बारीक बहीण सर्वियाना. झरसेची दुसरी आप्त, ग्लायनस ऑपोझिटिफोलियस, हिला संस्कृतात ग्रीष्मसुंदरक म्हणतात. बंगाली लोक ‘गिमा शाक’ म्हणून तिची कडवट भाजी वांग्याबरोबर आवडीने खातात. आपल्याकडे मात्र पानात येणाऱ्या रानभाज्यांत घोळ, चिवळ, तांदुळजा, कुंजीर यांचे प्रस्थ. कडूपणाविषयी मराठी माणसाचा उत्साह कारल्यापाशी संपतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

ही देशी आणि विलायती नावांची सांगड घालण्याचे कष्ट मराठी मंडळींनीही उपसले आहेत. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची प्रसिद्ध केली. १८८३ साली नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ते असे दोन एतद्देशीय होते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर आणि हौशी मराठी कवी; बामनदास बसू यांच्यासह त्यांनी रचलेला औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ साली, बाहेर पडला. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ चा. मराठी वैद्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताशी तो राहिला. या ग्रंथांमुळे नावांची सरमिसळ पुष्कळ कमी झाली. तरी तेही सारे मोगलाईबाहेर बसून झालेले काम. मोगलाईतला वैद्य त्यांचा वाचक होता, साक्षीदार नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधीच्या वर्षभरात सरहद्दीवर मुक्तिसंग्रामातील तरुणांनी छावण्या टाकल्या होत्या, आणि करोडगिरीचे नाके हे त्यांच्या हल्ल्यांचे ठरलेले लक्ष्य होते. ज्या नाक्यांनी माल अडवला, वनस्पती अडवली नाही, पण वनस्पतींचे पुस्तक मात्र पक्के अडवून धरले, ते नाके असे जळाले. १९५५ साली भारतीय वनस्पति सर्वेक्षणाची पश्चिम शाखा पुण्यात निघाली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठातील डॉ. व्ही. एन. नाईक यांनी आधी उस्मानाबाद जिल्ह्याचा वनस्पतिग्रंथ १९७९ साली सिद्ध केला आणि १९९८ साली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’चे दोन खंड प्रसिद्ध केले. कुकचा शेवटचा हप्ता आणि हे खंड यांच्यात नव्वद वर्षांचे अंतर आहे. गोदावरीच्या डाव्या तीराला उजव्या तीराची बरोबरी करायला लागलेला हा काळ होय. सर्वेक्षणाचा राज्यव्यापी ग्रंथ, द्विदल वनस्पतींचे खंड, २००० व २००१ साली आले, आणि त्यात मग इलाखा आणि मोगलाई असा भेद उरला नाही.

दरम्यान झरसेच्या कुळाचा निकाल प्रयोगशाळेत लागत होता. फिकॉइडी कुळ मोडून मोल्युगोचे स्वतंत्र घराणे मानावे, हा विचार जुनाच होता. बार्टलिंग याने मोल्युगिनेसी हे नाव १८२५ सालीच देऊन ठेवले होते. त्याला बळ मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रंगद्रव्यांच्या अभ्यासातून. माठाचा लालपणा, राजगिऱ्याची कणसे, घोळीचे तांबूस देठ, निवडुंगाची बोंडे, बीट, बोगनवेल या सर्वांचा रंग बेटालेन नावाच्या द्रव्यांचा असतो, आणि ही द्रव्ये वनस्पतिसृष्टीच्या या एका मोठ्या गोतातच सापडतात. जास्वंद, जांभूळ, गुलाब यांचा रंग अँथोसायनिनचा. आता मौज अशी, की या बेटालेनवाल्या गोतात दोन घराणी जुनाच रंग धरून राहिली. एक चिकवीड आणि कार्नेशन यांचे, आणि दुसरे मोल्युगोचे. क्लार्कने ज्या विषखापऱ्याशेजारी झरसेला बसवले त्याचा रंग बेटालेनचा, आणि झरसेचा नाही. चिकवीडशी तिचे सख्खे नाते नाही हे खरे. पण इंग्रजांच्या माळ्यांनी सहज म्हणून दिलेल्या नावात, रंगाच्या बाबतीत तरी, कुळे पाडणाऱ्या पंडितांपेक्षा अधिक तथ्य निघाले.

याहून विलक्षण गोष्ट पानांच्या अंतर्व्यवहाराची आहे. वैजापूरच्या शिवारात दोन तऱ्हांच्या वनस्पती शेजारी-शेजारी नांदतात. कापूस, तूर, गहू ही पिके हवेतील कार्बन साध्या, जुन्या रीतीने घेतात. बाजरी, ज्वारी, मका, ऊस यांच्यात कार्बन आधी एका पेशीथरात धरून मग दुसऱ्यात पोहोचवण्याची दुहेरी यंत्रणा असते, आणि म्हणून कडक उन्हात, थोड्या पाण्यावर ती नेटाने वाढतात. पहिली रीत सुटून दुसरी कशी आली असेल, हा प्रश्न शास्त्रज्ञांना छळत होता. मधली पायरी कुठे दिसत नव्हती. १९७४ साली कॅलिफोर्नियातील केनेडी आणि लेट्श यांनी ती अमेरिकेतील मोल्युगो व्हर्टिसिलाटामध्ये दाखवली. चार वर्षांनी तिरुपतीच्या श्रीव्यंकटेश्वर विद्यापीठातील राघवेंद्र, राजेंद्रुडू आणि रामदास यांनी मोल्युगो न्यूडिकॉलिस या आपल्या इकडील जातीवर काम करून ‘नेचर’मध्ये असे मांडले, की एकाच रोपावर कोवळ्या आणि जून पानांची रीत निराळी असते. या न्यूडिकॉलिसला दांड्यावर पाने नाहीत, सारी पाने जमिनीलगतच्या चक्रात. तिचे नुसते दांडे उघड्या मुरमावर उभे असलेले दिसतात. आज चित्र असे आहे, की पंचपर्णी झरस साध्या रीतीची, न्यूडिकॉलिस मधल्या पायरीवरची, आणि तारेसारखी सर्वियाना पूर्णपणे दुहेरी यंत्रणेची. ज्या घराण्याला जमाबंदीत रकाना नव्हता, त्याच्यात वनस्पतींच्या उत्क्रांतीचा एक जिना पायऱ्यांसह शिल्लक आहे. अशा वनस्पतींवर जगातील नामांकित प्रयोगशाळा वर्षानुवर्षे घालवतात आणि आपण त्या विळ्याने खरवडतो, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

या संशोधनाचा परिणाम पुन्हा नावांवर झाला. २०१६ साली मॅट्स थुलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या कुळाची फेरमांडणी करून जुना मोल्युगो वंश फोडला. न्यूडिकॉलिस पॅरामोल्युगोत गेली, सर्वियाना हायपरटेलिसमध्ये, आणि आपल्या झरसेचे नाव ट्रायगॅस्ट्रोथेका पेंटाफिला झाले. थुलिन उपसाला विद्यापीठातला. लिनियसने जेथे बसून तिला मोल्युगो म्हटले, तेथूनच अडीचशेहून अधिक वर्षांनी ते नाव काढून घेण्यात आले. याच तालुक्यातील शिऊर येथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. तुकोबांच्या त्या शिष्येने आपल्या पूर्वजन्मांची हकीकत मुलाला सांगून अभंगबद्ध केली आहे. शिऊरच्या वाटेवर झरसेचे रोप पाहताना, तिच्या गतनामांची यादी मोजताना, त्या हकीकतीची आठवण होणे साहजिक आहे.

रानातील तिचा मुक्काम मात्र आता पूर्वीसारखा निर्वेध नाही. नांदूर मधमेश्वरचा जलद कालवा आला, बाजरीच्या जागी कांदा आणि मका आला, आणि पाण्याबरोबर जोमदार तणे आली. त्यातले गाजरगवत पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम टिपले गेले आणि पाहता पाहता सबंध दख्खनभर फैलावले. उपद्रवी तणाची नोंद कशी चटकन होते, याचे ते उदाहरण आहे. कांद्याच्या वाफ्यांत तणनाशकाची फवारणी होते, तिथे झरस उरत नाही. ती मुरमाड बांधांवर, गायरानात आणि रोटेगावच्या रुळांकडेच्या खडीत हटून बसली आहे. तिची केसाळ बहीण ग्लायनस लोटॉइडिस मात्र फायद्यात राहिली; उन्हाळ्यात तलावांचे आणि पैठणच्या नाथसागराचे पाणी हटते, गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात, तेव्हा त्या भेगाळलेल्या गाळावर करड्या रंगाचे वाटोळे गालिचे पसरून ती मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलते. तिच्या बीला देठाशी एक वळलेला धागा असतो, आणि झरसेच्या बीला तो नसतो. वाळक्या नमुन्यातही दोघींना वेगळे करायचे तर भिंग तिथेच धरावे लागते.

वनस्पतिसंग्रहालयाचा एक नियम येथे सांगितला पाहिजे. वाळवलेल्या नमुन्याच्या पानावर संग्राहकाने लावलेली मूळ चिठ्ठी कधीही काढायची नसते. नाव बदलले, तर नव्या नावाची, तारखेची आणि ठरवणाऱ्याच्या सहीची दुसरी चिठ्ठी तिच्या शेजारी डकवायची. सात-बाराच्या उताऱ्यावरही हीच रीत. फेरफार मंजूर झाला, की जुन्या खातेदाराचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. वैजापूरच्या शिवारातून झरसेचा नमुना ज्या ज्या काळात काढला गेला असता, त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिताना संग्राहकाला आधी औरंगाबाद जिल्हा, निजाम राज्य; मग हैदराबाद राज्य; मग मुंबई राज्य; १ मे १९६० नंतर महाराष्ट्र; आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर जिल्हा, असे लिहावे लागले असते. कुळाच्या रकान्यात फिकॉइडी, ऐझोएसी, मोल्युगिनेसी. वंशाच्या रकान्यात मोल्युगो आणि आता ट्रायगॅस्ट्रोथेका. तालुक्याचे नाव तेवढे सर्व चिठ्ठ्यांवर एकच.